चालत्या जहाजांची तहान

घारापुरीच्या सहलीची लाँच गेट वेचा धक्का सोडते, तेव्हा डाव्या हाताला नेव्हल डॉकयार्डातली करडी जहाजे ओळीने उभी दिसतात. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतल्या शाळांमधून शिकलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे दृश्य कधी ना कधी पाहिले आहे. मुले तोफा मोजतात, सर किंवा बाई जहाजांची नावे वाचून दाखवतात आणि लाँच पुढे जाते. वाटेत एक बसके बेट लागते. त्यावर तेलाच्या गोल टाक्या असतात आणि धक्क्याला एखादा लांबलचक टँकर लागलेला असतो. हे बुचर आयलंड, म्हणजे आजचे जवाहर द्वीप. १९५४-५५ मध्ये माहुलला तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले. त्यांच्यासाठी कच्चे तेल या बेटावर उतरू लागले आणि समुद्राखालच्या नळ्यांमधून कारखान्यांकडे जाऊ लागले.

करडी जहाजे आणि तेलाचे बेट ही दोन्ही दृश्ये आपण एकाच सहलीत पाहिली, पण त्यांचा एकमेकांशी संबंध फारसा कोणी जोडला नाही. युद्धनौका म्हटली की तोफा, क्षेपणास्त्रे, ध्वज एवढेच डोळ्यांसमोर येते. ती किनाऱ्यापासून किती दूर जाऊ शकेल आणि तिथे किती दिवस टिकेल, हे मात्र तेलाच्या टाकीवर ठरते. जहाजाचा वेग दुप्पट करायचा तर यंत्राची ताकद साधारण आठपट लागते. त्यामुळे बेताच्या वेगाने महासागर ओलांडणारे जहाज शत्रूच्या मागे सुसाट धावू लागले की काही दिवसांतच त्याची टाकी तळाला लागते. मग दोनच मार्ग उरतात. मोहीम सोडून बंदर गाठायचे, किंवा भर समुद्रात, न थांबता, दुसऱ्या जहाजाकडून तेल घ्यायचे.

हा दुसरा मार्ग माणसाला कसा सापडला, त्याची यंत्रसामग्री कशी असते आणि मुंबईच्या गोदीशी तिचे नाते काय, हे आज लिहायचे आहे. लढाईच्या कथांमध्ये या कामाला सहसा एका ओळीची जागा मिळते. ती थोडी वाढवावी असे वाटले.

पाणी, कोळसा, तेल

शिवछत्रपतींच्या आणि पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराला तेल लागत नव्हते. गुराबा आणि गलबते वाऱ्यावर चालत, वारा पडला की वल्ही मारत. पण माणसांना पाणी लागतच होते. सिंधुदुर्गाच्या तटाच्या आत, चहूकडून खारे पाणी असताना, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यातही गोड्या पाण्याचा तलाव आहे. कोकणच्या किनाऱ्यावर खाडीखाडीच्या तोंडाशी किल्ला असणे ही या आरमाराची खरी ताकद होती. जहाज कुठेही असले तरी एखाद्या दिवसाच्या अंतरावर पाणी, शिधा आणि आसरा मिळे. त्याच व्यवस्थेने आरमाराची मर्यादाही आखून दिली. पुरवठा जमिनीवर होता, म्हणून धावही किनाऱ्यालगतच राहिली.

वाफेची जहाजे आली आणि जमिनीची ही बेडी अधिकच घट्ट झाली. आता पाण्याबरोबर कोळसाही हवा होता. एडन, मुंबई, कोलंबो अशी कोळशाची ठाणी ज्याच्या ताब्यात, समुद्र त्याचा. ज्याच्याजवळ ठाणी नव्हती त्याची काय अवस्था होई, याचा धडा १९०४-०५ मध्ये रशियाच्या बाल्टिक ताफ्याने दिला. जपानशी लढायला निघालेला हा ताफा आफ्रिकेला वळसा घालून, मादागास्करला दीर्घ मुक्काम करून आणि हिंदी महासागर ओलांडून गेला. भाड्याने घेतलेल्या जर्मन जहाजांतून वाटेत पोत्यापोत्यांनी कोळसा चढवावा लागला. पुन्हा केव्हा मिळेल याचा भरवसा नसल्याने माणसांच्या राहण्याच्या जागेतसुद्धा कोळसा रचला गेला. मे १९०५ मध्ये त्सुशिमाला पोहोचेपर्यंत जहाजे आणि माणसे दोन्ही थकली होती. तिथे त्यांचा जवळजवळ संपूर्ण नाश झाला.

पहिल्या महायुद्धात 'एम्डन' या एकट्या जर्मन क्रूझरने बंगालच्या उपसागरात धुमाकूळ घातला आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री मद्रासच्या तेलटाक्या पेटवल्या. 'एम्डन' इतकी टिकली ती तिच्या कप्तानाच्या शौर्याबरोबरच तिच्यासोबत फिरणाऱ्या कोळशाच्या जहाजांमुळे. काही जहाजे तिने पकडून आपल्याबरोबर ठेवली होती. पण कोळसा घ्यायला तिला एखाद्या बेटाच्या आडोशाला थांबावे लागे. ऑक्टोबरमध्ये ती दिएगो गार्सियाला थांबली, तेव्हा तिथल्या रहिवाशांना युद्ध सुरू झाल्याची बातमीही पोहोचलेली नव्हती! अशी नशिबाची साथ रोज मिळत नाही. नोव्हेंबरमध्ये कोकोस बेटांपाशी तिचा शेवट झाला.

कोळशाची अडचण त्याच्या रूपातच होती. तो पोत्यात भरावा लागतो, उचलावा लागतो, फावड्याने सारावा लागतो. तेल मात्र नळीतून वाहते. युद्धनौका तेलावर चालू लागल्या, तेव्हा चालत्या जहाजातून चालत्या जहाजात इंधन देणे प्रथमच खऱ्या अर्थाने शक्य झाले. २८ मे १९१७ रोजी अमेरिकेच्या 'मॉमी' या तेलवाहू जहाजाने अटलांटिकमध्ये, युरोपकडे निघालेल्या सहा विनाशिकांना चालता चालता तेल दिले. त्या जहाजावरचा तरुण इंजिन अधिकारी होता चेस्टर निमिट्झ. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या अमेरिकी ताफ्याचा सरसेनापती झालेला तोच हा निमिट्झ.

१९४२ चा एप्रिल

या तंत्राची किंमत आपल्या दाराशी कळली ती एप्रिल १९४२ मध्ये. पर्ल हार्बरवर हल्ला करणारा ॲडमिरल नागुमोचा विमानवाहू ताफा हिंदी महासागरात शिरला. पर्ल हार्बरप्रमाणेच याही वेळी त्याच्याबरोबर तेलवाहू जहाजे होती आणि वाटेत समुद्रातच तो तेल भरून घेत होता.

समोर होता ॲडमिरल सॉमरव्हिलचा ब्रिटिश ताफा. जपानी १ एप्रिलच्या सुमारास येणार अशी खबर त्याला मिळाली होती, म्हणून ३१ मार्चपासून तो श्रीलंकेच्या दक्षिणेला दबा धरून होता. तीन दिवस गेले, शत्रू दिसला नाही. जुन्या युद्धनौकांचे तेल आणि पाणी संपत आले. नाइलाजाने तो सुमारे ६०० मैलांवरच्या, मालदीवच्या दक्षिण टोकाच्या अड्डू या गुप्त तळावर तेल भरायला गेला. तो ४ एप्रिलला तिथे पोहोचला आणि त्याच दिवशी टेहळणी विमानाला जपानी ताफा श्रीलंकेच्या दिशेने येताना दिसला.

५ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर बाँब पडले. 'डॉर्सेटशायर' आणि 'कॉर्नवॉल' या दोन क्रूझर बुडाल्या. ९ एप्रिलला त्रिंकोमालीवर हल्ला झाला आणि 'हर्मीस' ही विमानवाहू नौका बुडाली. त्यानंतर सॉमरव्हिलने जुन्या युद्धनौका आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे पाठवल्या. वेगवान तुकडी घेऊन तो मुंबईला आला.

सॉमरव्हिल समोरासमोर लढला असता तर कदाचित त्याचा ताफाच बुडाला असता, असे पुष्कळ अभ्यासक मानतात, आणि ते खरेही असेल. पण मुद्दा वेगळा आहे. लढायचे की नाही, कुठे आणि केव्हा, हा निर्णय ज्याच्या हातात होता तो ताफा समुद्रातच तेल भरत होता. दुसऱ्याला तेलासाठी मैदान सोडावे लागले.

दोरीपासून नळीपर्यंत

हे काम प्रत्यक्षात कसे चालते? नौदलात याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रॅस' म्हणतात. मुंबईकरांसाठी एक उदाहरण देतो. दादर आणि परळच्या दरम्यान दोन लोकल शेजारच्या रुळांवरून एकाच वेगाने धावत आहेत असे समजा. एका गाडीतल्या दारातल्या माणसाने दुसऱ्या गाडीतल्या माणसाच्या हाती जेवणाचा डबा द्यायचा आहे. आता रूळ काढून टाका, जमीन वरखाली हलती करा, डब्याऐवजी तेलाने भरलेली जाड नळी घ्या, आणि हे सगळे दोन-तीन तास चालू ठेवा.

टँकर आपली दिशा आणि वेग ठरवतो आणि त्यावर ठाम राहतो. वेग साधारण १२ ते १६ नॉट, म्हणजे ताशी २२ ते ३० किलोमीटर. याहून हळू गेले तर सुकाणू नीट ऐकत नाही. तेल घेणारे जहाज मागून येते आणि टँकरच्या बाजूला, साधारण ३० ते ६० मीटर अंतर ठेवून, त्याच्या वेगाशी वेग जुळवते. तयारी झाल्याच्या खुणेचा ध्वज दोन्हीकडे चढतो. तेल वाहत असेपर्यंत धोक्याचा लाल बावटा वर राहतो आणि जहाजावर विडी-काडी बंद असते.

मग एक खास बंदूक झाडली जाते. तिच्यातून गोळीऐवजी बारीक दोरी बांधलेला एक छोटा दांडा उडतो आणि दुसऱ्या जहाजावर पडतो. ही दोरी एखाद्या पतंगाच्या दोऱ्याइतकीच किरकोळ दिसते, पण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून असते. बारीक दोरीला थोडी जाड दोरी बांधलेली असते, तिला त्याहून जाड. खलाशी रांगेत उभे राहून ती ओढत राहतात. शेवटी येते ती पोलादी तार. तिचे टोक झटक्यात सोडता येईल अशा कडीत अडकवले जाते. आता दोन जहाजांमध्ये एक तार ताणलेली आहे, आणि त्या तारेवर, दोरीवरच्या पडद्यासारखी, चाकांच्या खोगिरांना लटकलेली तेलाची नळी सरकत पुढे येते.

दोन्ही जहाजे लाटांवर डोलत असतात. कधी जवळ येतात, कधी लांब जातात. तार सैल पडली तर नळी पाण्यात बुडेल. फार ताणली गेली तर तुटेल, आणि तुटलेली पोलादी तार चाबकासारखी फिरून माणूस कापून काढते. पूर्वी विंचवर उभा असलेला माणूस नजरेच्या अंदाजाने तार सोडत-ओढत असे. पुढे ते काम दाबयंत्राकडे आले. तार कप्प्यांवरून एका मोठ्या दट्ट्याभोवती फिरवलेली असते. जहाजे दूर गेली की दट्ट्या आत दबून तार सोडतो, जवळ आली की बाहेर येऊन ओढून घेतो. तारेवरचा ताण त्यामुळे जवळजवळ सारखा राहतो. नळीच्या टोकाला लांबट तोंड असते आणि घेणाऱ्या जहाजावर घंटेच्या आकाराचे भोक. तोंड भोकात शिरले की आपोआप अडकते, झडप उघडते आणि पंप सुरू होतो.

शेजारीच आणखी एक साधी दोरी असते. तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगीत फडकी बांधलेली असतात, रात्री दिवे. एक खलाशी ती हातात ताणून धरतो. सुकाणूपाशी उभा असलेला अधिकारी त्या फडक्यांवरून दोन जहाजांमधले अंतर वाचतो. इतक्या यंत्रसामग्रीत हे साधन सर्वांत स्वस्त आहे, पण नजर सर्वांत जास्त त्याच्यावरच खिळलेली असते.

याचे कारण विज्ञानाच्या सरांनी आपल्याला वर्गातच सांगितले होते. बर्नुलीचे तत्त्व आठवा. पाण्याचा प्रवाह अरुंद जागेतून जाताना वेग घेतो आणि तिथला दाब कमी होतो. दोन मोठी जहाजे शेजारी चालू लागली की त्यांच्यामधल्या पाण्याचे तसेच होते, आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जाऊ लागतात. शिवाय प्रत्येक जहाजाच्या नाळेपाशी पाणी दाबाने बाहेर ढकलले जाते. त्यामुळे शेजारी येताना जहाजाला आधी धक्का बसतो आणि मग ओढ लागते. सुकाणूवरचा माणूस एकेका अंशाने वळवत राहतो आणि यंत्राचे फेरे दोन-चारांनी कमी-जास्त केले जातात. घाबरून जोरात वळवले तर नाळ लांब जाते, पण मागची बाजू टँकरवर आदळण्याची भीती असते.

काही बिघडलेच तर सुटण्याचीही रीत ठरलेली आहे. पंप बंद, झडप बंद, नळी सोड, तारेची कडी उघड आणि दूर हो. कडी अडली तर तोडायची हत्यारे हाताशी ठेवलेली असतात. ही सुटका प्रत्येक जहाजावर पुन्हा पुन्हा घोटून घेतली जाते.

याहून जुनी आणि सोपी पद्धत म्हणजे मागून तेल घेणे. टँकर आपल्या मागे तरंगती नळी सोडतो आणि घेणारे जहाज मागे राहून ती गळाने उचलते. ही पद्धत हळू आहे, पण जहाजे आदळण्याची भीती कमी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी रबरी नळ्या वापरून ती सुधारली होती. युद्ध संपल्यावर त्यांचे 'नॉर्डमार्क' हे पुरवठा जहाज ब्रिटिशांच्या हाती लागले. 'बुलावायो' असे नाव देऊन ब्रिटिशांनी त्यावर पुढचे प्रयोग केले. आपल्या नौदलाची सुरुवातीची घडण ब्रिटिश वळणावर झाल्याने हे शास्त्रही तिकडूनच आपल्याकडे आले.

मुंबईच्या गोदीतून

३ नोव्हेंबर १९६१ रोजी 'विक्रांत' मुंबईत आली तेव्हा पंडित नेहरू तिच्या स्वागताला होते. विमानवाहू नौका आली म्हणजे तिच्याबरोबर फिरणारा ताफा आला, आणि ताफा आला की त्याला तेल पुरवणारे जहाज हवे. पन्नासच्या दशकात इटलीकडून घेतलेले 'शक्ती' नावाचे एक छोटे तेलवाहू जहाज नौदलाकडे होते. ताफ्याबरोबर पल्ला गाठणारा खरा टँकर म्हणजे 'दीपक'. तो पश्चिम जर्मनीत ब्रेमर वुल्कान या कंपनीने बांधला आणि १९६७ मध्ये नौदलात आला. त्याच कारखान्यातून सत्तरच्या दशकाच्या मध्यावर त्याची भावंड-नौका, दुसरी 'शक्ती', आली.

४ डिसेंबर हा नौदल दिन. त्या सुमारास गेट वेवर होणारे बँड आणि संचलन पाहायला आपल्यापैकी अनेक जण गेले असतील. तो दिवस ज्या मोहिमेसाठी पाळला जातो, त्या १९७१ च्या 'ऑपरेशन ट्रायडंट'मध्ये 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या तीन क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला. या रशियन नौका मुळात बंदराच्या रक्षणासाठी बनवलेल्या होत्या. वेग प्रचंड, पण पल्ला थोडा. मुंबईपासून कराची सुमारे ५०० सागरी मैल. म्हणून कमांडर बब्रुभान यादव यांच्या या तुकडीत 'किलतान' आणि 'कचाल' या दोन कॉर्व्हेटींबरोबर आणखी एक जहाज होते, 'पोषक' नावाचा टँकर. शाळकरी पुस्तकांत आणि वर्तमानपत्री लेखांत पहिली पाच नावे येतात. सहाव्याचे येतेच असे नाही. त्या रात्रीच्या योजनेत मात्र ते पहिल्यापासून धरलेले होते.

चार दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, 'ऑपरेशन पायथन'मध्ये 'विनाश' ही नौका 'तलवार' आणि 'त्रिशूल' या फ्रिगेटींबरोबर पुन्हा कराचीपर्यंत गेली. तिच्या क्षेपणास्त्रांनी जबर जायबंदी झालेल्या जहाजांमध्ये 'ढाका' होते. ते पाकिस्तानी ताफ्याचे तेलवाहू जहाज. त्या युद्धात कराचीजवळच्या केमाडीच्या तेलटाक्या पेटल्या. पाकिस्तानी विमानांनीही आपल्या ओखा बंदरातल्या, क्षेपणास्त्र नौकांना तेल पुरवणाऱ्या सोयींवर बाँब टाकले. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट ठाऊक होती. जमिनीवरची टाकी जागची हलत नाही, ती नकाशावर सापडते. समुद्रातली टाकी शोधावी लागते.

युद्धाखेरीजही ही यंत्रणा किती मोलाची असते, ते जुलै २००६ मध्ये दिसले. लेबनॉनमध्ये लढाई पेटली तेव्हा भारतीय नौदलाची चार जहाजे भूमध्य समुद्रातला दौरा आटोपून परतीच्या वाटेवर होती. त्यांना माघारी फिरण्याचा हुकूम मिळाला. 'मुंबई', 'ब्रह्मपुत्रा', 'बेतवा' आणि त्यांच्याबरोबरचा टँकर 'शक्ती' यांनी मिळून बैरूतहून सायप्रसला २,२८० माणसे सुखरूप पोहोचवली. त्यांत भारतीयांबरोबर श्रीलंकेचे आणि नेपाळचे नागरिकही होते. घरापासून हजारो मैलांवर, परक्या बंदरांच्या दयेवर न राहता, हुकूम मिळताच ताफा वळू शकला, कारण तेल बरोबर होते. यातली 'मुंबई' ही विनाशिका लालबागपासून हाकेच्या अंतरावरच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, हेही आपल्याला विसरून चालणार नाही.

घरच्या तलवारी, बाहेरच्या घागरी

इथेच एक खटकणारी गोष्ट सांगितली पाहिजे. माझगाव डॉकने 'निलगिरी' ही फ्रिगेट १९७२ मध्ये दिली, १९८३ मध्ये 'गोदावरी', १९९७ मध्ये 'दिल्ली' आणि २००१ मध्ये 'मुंबई'. गिरणगावातल्या कित्येक घरांतली माणसे तिथे वेल्डर, फिटर, ड्राफ्ट्समन म्हणून राबली. युद्धनौका बांधण्याची कला आपण कमावली. पण त्या नौकांना दूरवर पाजणारी घागर आपण बहुतेक वेळा विकतच आणली. पहिली 'शक्ती' इटलीची, 'दीपक' आणि दुसरी 'शक्ती' जर्मनीची, १९९६ ची 'ज्योती' रशियाची. कोलकात्याच्या गार्डन रीच कारखान्यात बांधलेली 'आदित्य' तेवढी घरची. तिचे जलावतरण १९९३ मध्ये झाले आणि ती सेवेत आली एप्रिल २००० मध्ये.

जुना 'दीपक' १९९६ मध्ये आणि जुनी 'शक्ती' २००७ मध्ये निवृत्त झाली. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन ताफे, साडेसात हजार किलोमीटरचा किनारा, आणि काही वर्षे मोठे टँकर उरले फक्त दोन. त्यांपैकी एक दुरुस्तीला गोदीत गेला की दोन्ही किनाऱ्यांना मिळून एक. ही उणीव भरून काढायला पुन्हा इटलीच्याच फिंकांतिएरी कंपनीकडे जावे लागले. नवा 'दीपक' २१ जानेवारी २०११ रोजी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात सेवेत दाखल झाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विशाखापट्टणमला नवी 'शक्ती'. नवा 'दीपक' १७५ मीटर लांब आहे. तो एकाच वेळी चार जहाजांना तेल देऊ शकतो, आणि त्याची तेल देण्याची क्षमता ताशी १,५०० टनांची. मुंबईच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या वीस हजार लिटरच्या टँकरांत मोजायचे तर तासाला सुमारे नव्वद टँकर! तेलाबरोबर गोडे पाणी, दारूगोळा, धान्य, भाजीपाला आणि घरची पत्रेही अशा जहाजांवरून जातात. काही तारेवरच्या पाळण्यातून, काही हेलिकॉप्टरने.

मित्रदेशांचे टँकरही उपयोगी पडतात. अमेरिकेशी २०१६ मध्ये झालेल्या करारानुसार सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या आताच्या 'तलवार'ने अरबी समुद्रात अमेरिकेच्या 'युकॉन' या टँकरकडून तेल घेतले. नळीची तोंडे, खुणेचे ध्वज आणि आदेशांचे शब्द देशोदेशी जुळलेले असतात म्हणूनच हे शक्य होते. पण शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागणे निराळे आणि रोजचा शिधाच शेजाऱ्यावर सोपवणे निराळे. शेजारी उद्या कोणत्या बाजूला असेल, हे आपल्या हातात नसते.

म्हणून ऑगस्ट २०२३ मधली एक बातमी मला मोठ्या युद्धनौकांच्या बातम्यांइतकीच महत्त्वाची वाटते. विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी पाच ताफा-पुरवठा जहाजे बांधण्याचा करार झाला. प्रत्येकाचे वजन ४४,००० टन, एकूण खर्च सुमारे १९,००० कोटी रुपये. एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या जहाजासाठी पोलाद कापायला सुरुवात झाली. ही पाच जहाजे वेळेवर समुद्रात उतरली, तर साठ-सत्तर वर्षांची एक परावलंबी सवय मोडेल. 'आदित्य'सारखी रेंगाळली, तर पुन्हा कधीतरी परक्या कारखान्याच्या दारात उभे राहावे लागेल. पोलाद, पंप, तारा, दाबयंत्रे, नळ्या यांपैकी किती गोष्टी आपल्याच कारखान्यांतून येतात, हेही पाहावे लागेल. कराराच्या कागदावर जहाज भारतीय असणे आणि ऐन वेळी लागणारा सुटा भाग भारतात मिळणे, यांत फरक आहे.

पुन्हा एकदा नावांकडे पाहा. पोषक, दीपक, शक्ती, ज्योती, आदित्य. यांतले एकही नाव शस्त्राचे नाही. सगळी नावे देणाऱ्यांची आहेत. आणि नौदलाच्या रिवाजाप्रमाणे जहाज निवृत्त झाले तरी नाव निवृत्त होत नाही, ते पुढच्या जहाजाला मिळते. 'दीपक' दुसरा आहे, 'शक्ती' तिसरी. त्यांच्या डेकवर आजही कोणीतरी पावसात, उन्हात, अंधारात रंगीत फडक्यांची ती दोरी दोन्ही हातांनी ताणून उभा असतो.

स्नेहसंमेलनाला जमलेल्यांपैकी काहींची मुले-नातवंडे आता इंजिनिअरिंगच्या, जहाजबांधणीच्या, नौदलाच्या वाटेवर असतील. त्यांच्याशी बोलताना विमानवाहू नौका आणि पाणबुड्या यांचे कौतुक जरूर करा. त्याच बोलण्यात या टँकरांचाही विषय काढा, आणि हे पंप, या तारा, हे दट्टे कुठे बनतात तेही विचारा. एखाद्याने त्यातलेच काम निवडले तर ती निवड कमी दर्जाची समजू नका.